मुलांस कारणे देऊन बोलण्यास शिकवावे काय?

लहान मुलांस चारचौघांपुढे आपले म्हणणे कारणांनिशी पटवून देण्यास शिकविले, तर ती उद्धट होतील, अशी भीती कित्येक आईबापांस वाटते. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. प्राचीन ग्रीस देशात द्रव्य घेऊन वक्तृत्व शिकविणारे पुष्कळ होते, आणि प्लेटोने त्या विद्येस स्वयंपाक्याच्या कसबाची उपमा दिली: जिभेस गोड, प्रकृतीची पर्वा नाही.

परंतु इ. स. १८५५ साली ज्ञानोदयात छापलेला मुक्ता साळवे हिचा निबंध पाहा. मांग समाजातील ही सुमारे १४ वर्षांची मुलगी पुण्यास फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली. तिने नुसत्या कठोर शब्दांवर भागविले नाही. वेद ब्राह्मणांचेच, हे प्रतिपक्षाचे बोलणे तिने क्षणभर मान्य केले, आणि मग विचारिले की, तसे असेल तर आम्हांस धर्मपुस्तकच उरले नाही. मग आमचा धर्म तरी कोणता? पुढे, आमच्या बाळंतिणींच्या घरांवर छप्परही नसते, हे सांगून वाचकांस स्वतःच्या अनुभवावरून त्या दुःखाचा अंदाज करण्यास लाविले.

गुरुजींनी लिहून दिलेले भाषण घोकून असे साधत नाही. ज्या मुलास विरुद्ध पक्ष प्रामाणिकपणे मांडता येत नाही, त्यास, आवाज कितीही खणखणीत असो, आम्ही अद्याप सभेत उभे करणार नाही. मात्र हे शिक्षण घरी आरंभिले म्हणजे मूल पहिले कारण आईबापांसच विचारील, आणि तेथे “गप्प बस” म्हटले की धडा संपला.