इतर अधिकार

आत्याच्या तेराव्याच्या रात्री अक्का आणि मी आखाड्यावरच थांबलो. शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली होती, राखणीला कुणी तरी हवं होतं. आजवर हे काम आत्याचं होतं, त्यामुळं कुणाला सांगावं लागत नव्हतं.

मी म्हणालो, "असं माणूस पुन्हा होणं नाही, अक्का. सगळं देऊन गेली."

"देऊन गेली, का आपण घेतलं?"

त्या एका प्रश्नावर आमची रात्र गेली. अक्का जे बोलली ते जमेल तसं तिच्याच शब्दांत लिहितो आहे, कारण तिच्या काही बोलण्यांना माझ्याकडं अजून उत्तर नाही.

कळमनुरी तालुक्यात, कयाधूच्या काठी आमचं गाव. निजामाचं राज्य गेलं, 1950 साली हैदराबादचा कूळकायदा आला आणि आजोबा संरक्षित कूळ ठरले. रान नुसतं बोरी-बाभळींचं होतं. आजोबांनी ते मोडून काढलं, शिवारातली पहिली विहीर खणली आणि गावातली पहिली हळद त्या विहिरीवर लावली. म्हणून गावात आम्हाला आजही विहीरवाले म्हणतात. विहीर खणताना मुरुमाच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्यांत दहा वर्षांची आत्या होती. पुढं तिला सेनगावकडं दिली. बाविसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी परतली. मूलबाळ नव्हतं. मग साठ वर्षं हेच रान. बेणं निवडणं, भरणी, खुरपणी, काढणी. हळद शिजली का हे ती तुरीची काडी टोचून सांगायची. काडी कशी आत गेली यावरून तिला कळायचं, आणि तिनं 'बास' म्हटल्याशिवाय बापू, म्हणजे आमचे वडील, जाळ ओढत नसत.

आजोबा 1979 साली गेले. 1956च्या वारसा कायद्यानं मुलगीही बापाची वारस झाली होती, म्हणून आत्याचं नाव सातबारावर लागलं. पण ते लागलं 'इतर अधिकार' या रकान्यात, सोसायटीच्या बोजाच्या खाली. दोन वर्षांनी तिनं हक्कसोड लिहून दिली. तो जुना हाती लिहिलेला उतारा माझ्याकडं आहे. नाव खोडलेलं नाही. नावाला कंस केलाय आणि शेजारी फेरफाराचा नंबर आहे. कंसातलं नाव आजही स्वच्छ वाचता येतं.

"तिच्यावर कुणी बळजबरी केली नव्हती," मी म्हणालो. "मी चौदा वर्षांचा होतो, सोबत गेलो होतो. अंगठा देताना हसत होती. येताना तिनंच मला जिलबी घेऊन दिली."

"हसत असंल. रडून अंगठा दिला असता तर भावाला वाईट वाटलं असतं."

"अक्का, तुझ्या लग्नाचं कर्ज त्याच कोऱ्या सातबारावर निघालं."

"म्हणून तर बोलते. माझ्या हळदीपायी तिचं नाव गेलं. मला काय माहीत नाही का?"

हे बोलायला नको होतं असं मला वाटलं. पण मनात होतं ते मी पुढं मांडलंच. "तुझं खरं धरलं तर तिच्याजवळ उरतं काय? जमीन नाही, लेकरू नाही, धनी नाही. आयुष्यात एक मोठी गोष्ट तिनं आपल्या हातानं केली. आपला वाटा दिला. ते देणंही तिचं नव्हतं म्हणायचं? गेलेल्या माणसाचा तेवढाही मान काढून घ्यायचा?"

अक्का बराच वेळ काही बोलली नाही. हळकुंडं उगाच खालीवर करत राहिली.

"हे मला जड जातंय," ती म्हणाली. "तिला बिचारी म्हणणं मलाबी पटत नाही. ती बिचारी नव्हती. पण एवढं सांग. ती नाही म्हणाली असती तर?"

"तर काय? बापू काही तिला घराबाहेर काढणार नव्हते."

"काढावं लागत नाही रे. चहा उशिरा येतो. दिवाळीला लुगडं आणायचं ध्यानात राहत नाही. बाईला कळतं. दिलं तर देवी, नाही दिलं तर वाटेकरीण. तिसरं नाव होतं का तिच्यासाठी?"

मी अडलो ते इथंच. मग निरनिराळ्या वाटांनी त्याच ठिकाणी येत राहिलो. म्हणालो, असं बघितलं तर कुणाचंच देणं खरं ठरणार नाही. बापूंनी माझ्या शिक्षणासाठी बैलजोडी विकली, ती काय अगदी मोकळ्या मनानं? लोक नावं ठेवतील, पोरगं मागं राहील, ही भीती त्यांनाही असणारच. माणूस देतो तेव्हा थोडी माया असते, थोडं भय असतं. भय होतं म्हणून माया खोटी होत नाही.

"खोटी नाहीच," अक्का म्हणाली. "बापूंनी बैल विकले, तीन वर्षांनी दुसरे घेतले. आणि नसते विकले तरी ते तुझे बापूच राहिले असते. आत्यानं अंगठा दिला नसता तर ती आत्या राहिली असती का, हे तुला छातीवर हात ठेवून सांगता येतं का?"

मला सांगता आलं नाही. माया आणि भय एकाच अंगठ्यात असतील तर त्या अंगठ्याला काय म्हणायचं, यावर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. माझं मत अजून तेच आहे. आत्यानं दिलं, ते खरंच दिलं. पण ते मत माझं आहे आणि जमीनही माझ्याकडंच आली आहे, ही गोष्ट मला त्या मतापासून वेगळी काढता येत नाही.

मी कायद्याकडं वळलो. 1994 साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. 2005 साली ती अट निघाली आणि हा हक्क देशभर लागू झाला. बाप 2005 आधी वारला असला तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. तरीही 2015-16च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बायका चौदाच्या आसपास होत्या. अक्कानं ऐकून घेतलं.

"कायद्यानं मागायची सोय केली. मागितल्यावर भाऊबीजेला काय होतं, ते कायद्यात लिहिलेलं नाही."

"म्हणून तर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. मागायला लावू नका, आपण होऊन बायकोच्या नावावर करा."

"बायकोच्या. जमीन घरातच राहती. बहिणीच्या नावावर करा, असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंस का कधी?"

मी ऐकलेलं नव्हतं.

मग मी जनाबाई काढली. नर्सी इथून जवळ, नामदेवांचं गाव म्हणून आम्हाला त्या घराचं अप्रूप. गंगाखेडची जनी त्यांच्या घरी दळणकांडण करत राहिली, वाटा तिनं कधी मागितला नाही. म्हणून ती लहान झाली का?

अक्का लगेच म्हणाली, "जनीनं अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलं. आधी नामदेवाचं, मग आपलं, पण घातलं. कागदाखाली आत्यानंबी नाव दिलं. जनीचं नाव राहण्यासाठी होतं, आत्याचं जाण्यासाठी."

पुढचं बोलणं कसं निघालं ते आठवत नाही. अक्कानं एकदम विचारलं, "नांदेडला का नेलं नाही?"

माघ संपत आला होता, हळद शिजवायचा कुकर लावलेला होता. आत्याला दोन दिवस धाप लागत होती. डॉक्टर म्हणाले, नांदेडला हलवा. आत्या म्हणाली, नको, हळद निघू द्या, पैका पोरांच्या फीला लागतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं काडी मागून घेतली, बाजेवरून उठून एक हळकुंड टोचून बघितलं आणि 'अजून कच्ची हाय' म्हणाली. दुपारी गेली.

"ती नको म्हणाली," मी सांगितलं.

"तू दुसऱ्यांदा विचारलंस?"

"नाही."

"तिनं नको म्हटल्यावर तुला बरं वाटलं का?"

अक्काच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. मला बरं वाटलं होतं. पळभरच, पण वाटलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या मनाविरुद्ध गाडीत घालून नेणं हाही अन्यायच झाला असता, हे मी आज कुणालाही पटवून देऊ शकतो. फक्त त्या दिवशी हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आला होता तो खर्चाचा.

पहाटे गार वारं सुटलं. बापू मागच्या वर्षी गेले, आई त्याआधीच. वारसाची नोंद व्हायची आहे. अक्काच्या हक्कसोडीचा मसुदा मी कळमनुरीत लिहून आणला होता आणि तेराव्यानंतर सवडीनं काढू म्हणून पिशवीत ठेवला होता. एवढं बोलणं झाल्यावर तो लपवणं मला जमेना. काढून तिच्यापुढं ठेवला.

तिनं चष्मा लावून मोबाईलच्या उजेडात सगळा वाचला. दोनदा वाचला.

"सही करीन का नाही, मलाच माहीत नाही," ती म्हणाली. "तू वाईट नाहीस. मला माहेर लागतं. आत्यालाबी तेच लागत होतं. पण आधी माझं नाव लाव. इतर अधिकारात नको, तुझ्या नावाखाली, खातेदारात लाव. लागलं की उतारा मला आणून दे. वर्षभर राहू दे माझ्याकडं. मग विचार."

"आणि तेव्हा नाही म्हणालीस तर?"

"तेच तर बघायचंय. तुला आणि मलाबी."

मसुद्याची घडी घालून तिनं तो मला परत दिला. हळदीवर दव पडायला लागलं होतं. आम्ही दोघं उठलो आणि ताडपत्री ओढायला लागलो.