ऐकून घेणे आणि ऐकणे

व्यवस्थापकांसाठी भरवल्या जाणाऱ्या संवादकौशल्याच्या कार्यशाळांमध्ये ‘सक्रिय श्रवण’ आज बहुधा ज्या रीतीने शिकवले जाते, तिच्यात समोरच्याकडे नजर ठेवणे, अधूनमधून मान डोलावणे आणि त्याचेच म्हणणे थोड्या वेगळ्या शब्दांत त्याला परत ऐकवणे, यांवरच भर असतो. बोलणाऱ्याचे मन हलके व्हावे, पण आधी ठरलेला निर्णय जागचा हलू नये, अशी सोय या रीतीने होते आणि मूळ कल्पनेचा तो विपर्यास आहे.

उद्योगात कामगारांचे म्हणणे ऐकण्याचा प्रयत्न या संज्ञेहून जुना आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या आणि कामगार ठरावीक प्रश्न सोडून मनातलेच बोलतात हे दिसल्यावर त्यांना मोकळे बोलू देण्याची पद्धत स्वीकारली गेली. पुढे १९३६ पासून तेथे समुपदेशक नेमले गेले. मात्र त्यांनी ऐकायचे एवढेच होते, तक्रारीवर कारवाई करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा, ही फारकत तेथे रुजली.

कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेतून ‘सक्रिय श्रवण’ ही संज्ञा उद्योगजगतात रूढ झाली, आणि त्या पुस्तिकेचेच वाचन सर्वाधिक चुकते. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून पाहण्याचा उपाय तीत आहे, परंतु तो आपल्याला नेमके समजले की नाही, हे पडताळण्यासाठी आहे. माणसाविषयी खरा आदर नसताना हे तंत्र वापरले तर ते पोकळ ठरते आणि सहकाऱ्यांना ते लगेच उमगते, असे लेखकद्वयाने बजावले होते. शिवाय, दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणाऱ्याचे स्वतःचे मत बदलण्याचा धोका असतो, हेही त्यांनी दडवले नव्हते. हा धोकाच पुढच्या प्रशिक्षणांनी गाळला.

रॉजर्स यांचा विचार मानसोपचारातून आला होता, जेथे आयुष्याचे निर्णय बोलणाऱ्याच्याच हाती राहतात, म्हणून उपचारकाने केवळ समजून घेणे पुरेसे ठरते. कार्यालयात पाळी, बढती आणि कामाचा बोजा ठरवणे व्यवस्थापकाच्या हाती असते, त्यामुळे तेथे मत बदलण्याचा धोका पत्करणे म्हणजे निर्णय बदलण्याची तयारी ठेवणे होय.

मराठीत ‘ऐकून घेणे’ आणि ‘एखाद्याचे ऐकणे’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत: पहिल्यात शब्द कानावर येऊ दिले जातात, दुसऱ्यात त्याप्रमाणे वागले जाते. प्रत्येक मागणी मान्य करणे कोणत्याही व्यवस्थापकाला शक्य नसते, आणि कारणे सांगून दिलेला नकारही प्रामाणिक ऐकण्यातून येऊ शकतो. परंतु ज्याच्यापुढे होकार शक्यच नव्हता, त्याने केवळ ऐकून घेतलेले असते.