वर्तुळाचं माप

देव्हाऱ्यापुढे हात जोडल्याशिवाय आई नातवाला औषध पाजत नाही. तेच अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं पातळ औषध मी प्रयोगशाळेत तपासते. जिवाणू पसरलेल्या आगरच्या बशीत दोन खळगे पाडते. एकात औषध, दुसऱ्यात निर्जंतुक पाणी. रात्रभर ३५ अंशांवर ठेवून सकाळी औषधाभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजते. पाण्याभोवती वर्तुळ उमटत नाही.

"औषधावर विश्वास नाही का गं तुझा?" आईनं एकदा विचारलं. मी बराच वेळ गप्प होते.

पाणी घालून कालवलेली बाटली फ्रिजबाहेर राहिली, की क्लॅव्ह्युलॅनेट झपाट्यानं क्षीण होतं. वरून काहीच कळत नाही. माया कितीही खरी असो, ही तूट ती भरून काढत नाही. अपुऱ्या मात्रेतून तगलेले जिवाणू चिवट होतात, हा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. ते जिवाणू उद्या दुसऱ्याच्या लेकराला गाठतात.

म्हणून पारखणं म्हणजे अश्रद्धा नव्हे. ज्यांनी विश्वास टाकला, त्यांच्याशी इमान राखणं आहे. हात जरूर जोडा, पण बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि लेबलवरची मुदत पाळा.