इतिहासाच्या पंगतीत आपण कोण?

जुनं गाव किंवा शहर पुन्हा उभं करणाऱ्या खुल्या संग्रहालयांचा विषय निघाला की घरं, अवजारं, पोशाख यांवर भरभरून बोललं जातं. तिथली खानावळ आणि दुकानं मात्र ‘सोयीसुविधा’ या सदरात, स्वच्छतागृह आणि वाहनतळाच्या पंक्तीला जाऊन बसतात. माझ्या मते संग्रहालयाने भूतकाळ कोणाच्या नजरेने पाहिला, हे कळतं ते तिथल्या ताटात. घर बाहेर उभं राहून पाहता येतं. जेवताना मात्र त्या काळातल्या कोणाच्या तरी जागी बसावंच लागतं.

इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात बीमिश हे असंच एक खुलं संग्रहालय आहे. फ्रँक ॲटकिन्सन यांनी १९७० मध्ये ते सुरू केलं, तेव्हा त्या भागातल्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. लोक देतील ते घ्यायचं, निवड करत बसायचं नाही, असं त्यांचं धोरण होतं. तिथल्या खाणवस्तीत डेव्हीज नावाचं तळलेल्या माशांचं दुकान आहे. कोळशाच्या धगीवर चरबी तापते, पिठात बुडवलेला मासा आत पडतो, पाठोपाठ बटाट्याच्या फोडी. वरून मीठ आणि व्हिनेगर. ही चरबी गोमांसाची. विलायतेतल्या अनेक मराठी मंडळींची इथे पंचाईत होणार, कारण नुसते बटाटे मागूनही सुटका नाही. साधं तेल वापरलं असतं तर गिऱ्हाईक थोडं वाढलं असतं, पण चव आजची झाली असती. आपल्या सोयीसाठी न वाकणारा भूतकाळ मला अधिक विश्वासाचा वाटतो, मग ते ताट परत करावं लागलं तरी चालेल.

अर्थात बीमिशचं काम सोपं आहे. खाणकामगाराचं हे खाणं आजही तिकडे आवडीने खातात.

अमेरिकेतल्या कलोनियल विल्यम्सबर्गचा पेच अवघड आहे. व्हर्जिनियाची ही जुनी राजधानी १९२६ नंतर रॉकफेलरांच्या पैशातून पुन्हा उभी राहिली. अठराव्या शतकात गावातली निम्म्याहून अधिक माणसं काळी होती आणि त्यातली बहुतेक गुलाम. जेन व्होब या बाईंनी १७७२ मध्ये सुरू केलेली किंग्ज आर्म्स ही खानावळ तिथे पुन्हा बांधलेली आहे. मेणबत्त्यांचा उजेड, जुन्या वेशातले वाढपी, शेंगदाण्याचं प्रसिद्ध सूप. व्होबबाईंच्या मालकीचा गोवन पॅम्फ्लेट नावाचा गुलाम याच खानावळीत राबत असे. पुढे तो बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला आणि १७९३ मध्ये कागदोपत्री स्वतंत्र झाला. संग्रहालय ही कथा लपवत नाही. नट पॅम्फ्लेटची भूमिका करतात, प्रेक्षक गहिवरतात. मग भूक लागते आणि सगळे मालकांच्या मेजावर जाऊन बसतात. गुलामाच्या वाट्याची मक्याची भरड मागवणारा कोण निघणार? खेळाने जे शिकवलं ते जेवणाने पुसलं, असं मी म्हणेन.

दुकानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिकोनी टोप्या, मेणबत्त्या, मुरंबे सगळीकडे सारखेच. इंग्लंडमधल्याच श्रॉपशरच्या ब्लिस्ट्स हिल या खुल्या संग्रहालयाची युक्ती तेवढी आवडली: तिथल्या बँकेत आजचे पैसे मोडून जुन्या पेनी घ्यायच्या आणि त्या गावात खर्चायच्या. हातात जड तांबं आलं की भाव वाचण्याची पद्धतच बदलते.

आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर बारा बलुतेदारांचं गाव पुतळ्यांत उभं आहे. पुतळ्यांना भूक नसते, त्यामुळे कोणी कोणाच्या हातचं खायचं हा प्रश्न टळतो. ‘चुलीवरचं गावरान जेवण’ विकणाऱ्या रस्त्यालगतच्या हॉटेलांतही तो टळतोच: पिठलं, ठेचा, भाकरी, फार तर कोंबडी. हे गाव कोणत्या आळीचं? शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतला स्वयंपाक त्यात नोंदलेला आहे आणि वाळवलेल्या मांसाची चानीही आहे. त्याच वर्षी राज्यात गाईपाठोपाठ बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आली. बीमिशच्या कढईतली चरबी आपल्याकडे नुसती चवीची बाब राहत नाही, ती अशी. तरी म्हशीच्या मांसाची चानी कायद्यात बसते. गावपण विकणाऱ्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्राने ती पिठल्याशेजारी, पदार्थांच्या त्याच यादीत आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापून पाहावी.