अभिरुचि आणि अहंकार

तारुण्यांतील आवड हा गुणग्राहकपणा, कीं अहंकार? हा प्रश्न मला इंग्लंडांतील प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतानें घातला. १९६९ सालीं ‘किंग क्रिम्झन’ची पहिली मोठी तबकडी निघाली, १९७२ मध्यें ‘येस’ या वृंदानें चार भागांची, सुमारें अठरा मिनिटांची एकच रचना तबकडीच्या सबंध बाजूवर मांडली. तीन-चार मिनिटांच्या गाण्यांच्या बाजारांत हें धाडसच होतें. पुढें १९७६-७७ च्या सुमारास पंक संगीताच्या कैवाऱ्यांनीं या साऱ्यावर आढ्यतेचा आरोप केला.

कॉलेजच्या वसतिगृहांत मित्राच्या कॅसेटवर ती रचना मीं प्रथम ऐकली, तेव्हां कांहींच उमगलें नाहीं. पांचव्या खेपेस तिच्यांतील सूत्र हातीं लागलें. तिसऱ्या भागांत घुमणाऱ्या ऑर्गननें अंगावर रोमांच आले. तो आनंद खरा होता. परंतु ‘हें इतरांना कळत नाहीं’ या समाधानाचाहि त्यांत वांटा होता, हें कबूल केलें पाहिजे. त्याच सुटींत वडील रेडिओवर विलंबित ख्याल ऐकत बसले असतां मी कंटाळून उठून गेलों. परक्या रचनेला जो कान मीं पांच वेळां दिला, तो वडिलांच्या आवडीला एकदांहि दिला नाहीं!

अहंकारानें अभिरुचीचें दार उघडलें, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. तो दारांतच ठाण मांडून बसला, म्हणजे अनर्थ होतो. दुसऱ्याच्या आवडीपुढें किती वेळ स्वस्थ बसतां येतें, हीच अभिरुचीची कसोटी होय. आज मी ख्याल आवडीनें ऐकतों. पण तें ज्यांना सांगावयाचें, ते वडील आतां नाहींत.