कापावं, पण फाडू नये



आजचं चिंतन गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या तिसऱ्या श्लोकावर. मुळं वर आणि फांद्या खाली असलेलं संसाराचं ते उलटं झाड तुम्हाला आठवत असेलच. भगवंत म्हणतात, खोल रुजलेला हा अश्वत्थ असंगाच्या भक्कम शस्त्राने छेदायचा आणि मग, पुढच्या श्लोकात, जिथून परत येणं नाही त्या पदाचा शोध घ्यायचा.

श्लोक वाचला की आपल्यातल्या पुष्कळांना आधी ‘छेदायचा’ हाच शब्द दिसतो. आपल्या पिढीला तोडणं सोपं झालंय ना! नंबर ब्लॉक केला, ग्रुपमधून बाहेर पडलो, गावाकडचे फोन घेणं बंद केलं, की आपण म्हणतो, ‘मी आता डिटॅच झालोय.’ मीही म्हणायचो. पण छेदणं आणि फाडणं यात फरक असतो, हे मला कळलं ते नांदेडच्या एका सुतारकामाच्या शेडमध्ये.

आमचं मूळ गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते आणि काका सोळांचे. घर जुन्या पद्धतीचं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंती पडल्या आणि आजी गेली. पण एका खणातले लाकडी खांब आणि वरची तुळई तशीच उभी राहिली. त्या खणाखाली आजोबा आणि ही दोन पोरं झोपली होती. ती वाचली.

तीच तुळई आजोबांनी ढिगाऱ्यातून काढून आणली. सागवान, किनवटच्या जंगलातलं, असं ते सांगायचे. काका नांदेडला स्थायिक झाले, तिथे ती अंगणात पडून होती. गेल्या वर्षी आजोबा गेले. त्यांची शेवटची इच्छा एवढीच, की तुळई दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी आणि आपापल्या घरी देवघर करावं.

अडचण अशी, की पुनर्वसनाच्या गावातल्या घराच्या वाटणीवरून बाबा आणि काका चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

मी म्हटलं, यात काय एवढं? भाड्याने कटर मशीन आणतो, रेषा मारतो, दोन मिनिटांचं काम. पाठशाळेत शिकल्यासारखं तुळईचं एक टोक साफ करायला घेतलं. पातं बोथट होतं, मला घाई होती. शेवटच्या बोटभर अंतरात करकर आवाज झाला आणि कोपऱ्याची लांब कपची उडून गेली. तीस वर्षांपूर्वी भूकंपाने जिला काही केलं नव्हतं, ती मी एका मिनिटात फाडली. काका काही बोलले नाहीत. कपची उचलून त्यांनी खिशात ठेवली, बस.

मग आम्ही मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी लोहचुंबक फिरवून तुळईतले जुने खिळे शोधले आणि उपटून काढले. माझ्याकडे बघून हसला आणि प्लायचा एक तुकडा टेबलच्या मशीनवर कापून दाखवला. वरून कट एकदम सुबक. “आता उलटा करा.” खालच्या बाजूला सगळं फाटलेलं, कपच्या निघालेल्या.

“फिरणारा दात लाकडातून जिथे बाहेर पडतो, तिथे फाटतं,” तो म्हणाला. टेबलच्या मशीनवर दात वरून आत शिरतो आणि खालून बाहेर पडतो. म्हणून चांगली बाजू वर ठेवायची. हातातल्या गोल करवतीत उलट, दात खालून वर येतात, म्हणून तिथे चांगली बाजू खाली. जिथे दात बाहेर पडणार तिथे चिकटपट्टी लावा, किंवा एक फालतू फळी घट्ट बांधा. धाग्यांना मागून आधार मिळाला की ते तुटत नाहीत, कापले जातात.

मी तो प्लायचा तुकडा कितीतरी वेळ हातात धरून होतो. कापणाऱ्याला वरची बाजू दिसते. मला माझं ‘डिटॅच होणं’ वरून नेहमी सुबकच दिसायचं. खालची बाजू मी कधी उलटून पाहिलीच नव्हती. तिकडे आई होती, सगळ्यांचे फोन घेणारी. चुलतबहीण होती, माझ्या वाढदिवसाला मेसेज करून उत्तराची वाट बघणारी.

मिस्त्रीने गुण्या लावून चारही बाजूंनी रेषा फिरवली. तुळई चार इंच जाड, एका दमात पातं पार जाणार नव्हतं, म्हणून एकदा वरून आणि उलटी करून एकदा खालून कापायची होती. त्याने पातं बदललं. कमी दातांचं पातं भराभर कापतं पण ओबडधोबड, आडव्या कटाला जास्त दातांचं, धार असलेलं पातं हवं. मग म्हणाला, “पातं स्वतः दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातं. रेषेच्या कुठल्या बाजूला चालवू?”

शेडमध्ये शांतता. निम्मं निम्मं म्हणजे काय, हा प्रश्न चार वर्षं याच दोघांमध्ये अडला होता. बरोब्बर निम्मं कधीच होत नाही, कारण कापण्यात काहीतरी भुसा होतंच. प्रश्न एवढाच, की तो भुसा कुणाच्या वाट्याचा.

बाबा म्हणाले, “माझ्या बाजूने चालव.”

काका लगेच म्हणाले, “नको, माझ्याच बाजूने चालव. तिकडचा कोपरा तसाही उडालाय.”

शेवटी मिस्त्रीनेच पातं रेषेच्या मधोमध धरलं. दोन्ही तुकड्यांखाली टेकू दिले आणि या दोघांना दोन टोकांशी उभं केलं. “उचलू नका, दाबू नका. नुसतं सांभाळा.” मध्येच लाकूड खाली वाकलं तर चीर मिटते, पातं अडकतं आणि मशीन उलटं अंगावर येतं. एखादं टोक लटकलं तर शेवटचे धागे वजनाने फाटतात. घाई केली तर कपची उडते, रेंगाळलं तर लाकूड जळून काळं पडतं. त्याने एका सारख्या वेगाने पातं नेलं. सागाचा तो वास सगळ्या शेडभर पसरला. कट आरशासारखा आला.

आता श्लोकाकडे परत येऊ. असंग म्हणजे बेपर्वाई नव्हे. ज्याला काही वाटतच नाही, त्याला कापायची गरजही पडत नाही, तो नुसता निघून जातो आणि पाठीमागे फाटत जातं. माऊली तर या झाडाला मुळात खरं मानतच नाहीत, ते म्हणतात ज्ञानानेच ते छेदलं जातं. याचा मला लागलेला अर्थ असा, की छेदायचा असतो तो ‘माझं, माझ्या हक्काचं’ हा खोटा दावा. भाऊ छेदायचा नसतो. शस्त्र ‘भक्कम’ हवं असं भगवंत म्हणतात, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि राग म्हणजे तोच जोर.

तुम्ही विचाराल, काही नाती खरंच तोडावी लागतात, त्यांचं काय? जिथे छळ आहे, अपमान आहे, तिथे तोडा. अर्धवट कापून ठेवू नका, तेही फाटतंच. पण तोडतानाही पलीकडच्या बाजूला कोण उभं आहे ते बघा. त्यांना आधार द्या, नीट सांगा, दोष सगळा त्यांच्या वाट्याला टाकू नका. भुशाचा आपला हिस्सा आपण घ्या.

बाबा-काकांचं सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. घराचे कागद अजून तसेच आहेत. पण त्या दिवशी निघताना काकांनी खिशातली कपची काढून बाबांना दिली. “देवघराला लाव कुठेतरी.” बाबा म्हणाले, “दादा, फेव्हिकॉलने बसेल ती.” चार वर्षांनी झालेलं पहिलं बोलणं हे, फेव्हिकॉलचं.

आजचा अभ्यास: गेल्या वर्षभरात तुम्ही जे एक नातं, गट किंवा जागा सोडली असेल, तिची खालची बाजू आज उलटून पाहा. कुठे कपची उडाली असेल तर ती उचलून ठेवा. लगेच चिकटेलच असं नाही, पण फेकू नका.

जय हरी!