परतीचा दिवस

परदेशातल्या कौटुंबिक सहलीचा शेवटचा दिवस बहुतेक आवराआवरीत जातो. बॅगांचे वजन करायचे, खोली सोडायची, उरलेली नाणी खर्चून टाकायची; भारतात नोटा बदलून मिळतात, नाणी सहसा कुणी घेत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीच्या कुटुंबाचा प्रवास तर विमान उतरल्यावरही बराच उरतो. मुंबईत उतरले, तर इमिग्रेशन आणि कस्टमची तपासणी तिथेच होते. पुढे नागपूरचे विमान असले, तरी सामान साधारणपणे मुंबईतच ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावे लागते. नागपूरहून सुमारे पाऊणशे किलोमीटर रस्ता राहतो. काही जण त्यापेक्षा मुंबईहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस पसंत करतात; ती थेट वर्ध्याला सोडते.

खरी परीक्षा झोपेची. शरीरातले घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते. युरोपातून येताना प्रवास पूर्वेकडे होतो, त्यामुळे झोप नेहमीपेक्षा लवकर आणावी लागते, आणि उशिरापर्यंत जागण्यापेक्षा ते अवघड. सकाळचे ऊन इथे मदत करते; वर्ध्यात त्याची टंचाई क्वचितच. मुलांची शाळा मात्र दुसऱ्याच दिवशी असू नये, एवढे तिकीट काढतानाच बघावे.